विश्लेषण : तीन महिन्यांचे धान्य घरात आले, दमट हवेत ते टिकवायचे कसे?

२०२५ च्या पावसाळ्यापूर्वी केंद्र सरकारने राज्यांना एक सूचना केली. जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांचे शिधापत्रिकेवरील धान्य एकदमच उचला आणि आगाऊ वाटून टाका, अशी ती सूचना होती. पुरामुळे रस्ते बंद झाले, गोदामात पाणी शिरले, तरी कोणाची चूल बंद पडू नये, हा त्यामागचा हेतू. हेतूत खोट काढण्यासारखे काही नाही.

पण हिशेब करून पाहा. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. तीन महिन्यांचे झाले १०५ किलो. प्राधान्य गटातील पाच माणसांच्या कुटुंबाचे होतात ७५ किलो. वर्षातील सर्वांत दमट तीन महिने सुरू होताना हे धान्य ज्या घरात गेले, ते अनेकदा एका खोलीचे असते. कौले गळत असतात, भिंतीला ओल असते आणि धान्य ठेवायला असते ती एक गोणी किंवा झाकण न बसणारा पिंप. सरकारने धान्य देण्याची जबाबदारी पार पाडली. ते टिकवण्याची जबाबदारी मात्र त्या घरावर सोडून दिली.

प्रश्न फक्त शिधापत्रिकेचा नाही. उन्हाळ्यात वर्षाचे गहू-तांदूळ भरणारे मध्यमवर्गीय घर, भाव चढेल म्हणून तूर राखून ठेवणारा शेतकरी आणि पुढच्या हंगामाचे बियाणे जपणारी बाई, या तिघांचीही अडचण एकच आहे. आपण धान्य साठवण्याचा विचार जागेच्या हिशेबाने करतो. विचार करायला हवा तो कोरडेपणाच्या हिशेबाने.

धान्य नेमके कशाने खराब होते?

दाणा हा जिवंत असतो. तो श्वास घेतो आणि भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करतो. हवा कोरडी असेल तर दाणा ओलावा सोडतो, हवा दमट असेल तर शोषतो. म्हणूनच मे महिन्यात गच्चीवर कडकडीत वाळवलेला गहू जुलैमध्ये गोणीत मऊ पडतो. त्यावर पाणी पडलेले नसते. त्याने ते हवेतून घेतलेले असते.

गहू, तांदूळ, ज्वारीसारखी तृणधान्ये दीर्घकाळ टिकवायची तर त्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. कडधान्यांसाठी हे प्रमाण ९ ते १० टक्के धरले जाते, तेलबियांसाठी त्याहून कमी. भोवतालच्या हवेची आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या आत असेल तर धान्य या पातळीजवळ राहते. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात ती ८० ते ९० टक्क्यांवर असते. अशा हवेत उघडे ठेवलेले धान्य हळूहळू १६-१७ टक्क्यांपर्यंत ओलावा धरते, आणि तिथे बुरशीला मोकळे रान मिळते.

अमेरिकी बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचे बियाण्यांसाठीचे दोन ठोकताळे जगभर वापरले जातात. बियाण्यातील ओलावा एका टक्क्याने कमी केला तर त्याचे आयुष्य दुप्पट होते. साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी केले तरी आयुष्य दुप्पट होते. त्याच जोडीने आणखी एक सोपे गणित सांगितले जाते : फॅरनहाइटमधील तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १०० च्या आत हवी. मुंबईतील जुलै महिना घ्या. तापमान २८ अंश सेल्सिअस, म्हणजे ८२ फॅरनहाइट. आर्द्रता ८५ टक्के. बेरीज १६७.

तापमान कमी करणे आपल्या हातात नाही. प्रत्येक घराला शीतगृह देता येणार नाही. ओलावा कमी करणे मात्र हातात आहे, आणि एक टक्का ओलावा कमी करण्याचा फायदा ५ अंश थंडाव्याइतका आहे. दमट प्रदेशातील साठवणुकीचे सगळे शास्त्र या एका वाक्यात येते.

डबा बंद होता, मग किडे आले कुठून?

बहुतेक वेळा ते आधीपासूनच आत होते. तांदळात दिसणारा सोंडा आपल्या लांब तोंडाने दाण्याला भोक पाडतो, आत अंडे घालतो आणि भोक चिकट स्रावाने बुजवून टाकतो. वरून दाणा धडधाकट दिसतो. अळी आत वाढते, दाण्याचा गाभा खाते आणि भुंगा होऊनच बाहेर पडते. उबदार हवेत हे चक्र साधारण महिनाभरात पूर्ण होते आणि एक मादी शेकडो अंडी घालू शकते. मूग, चवळी, हरभऱ्यावरचा भुंगेरा तर अनेकदा शेतातच शेंगेवर अंडी घालून घरी येतो.

किडीचा दुसरा उपद्रव फारसा लक्षात येत नाही. किडे श्वास घेतात तेव्हा उष्णता आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. त्यामुळे गोणीच्या मधोमध धान्य गरम होते, तिथला ओलावा वाढतो आणि बुरशी धरते. गोणीत हात घातल्यावर उबदार लागले, तर कीड आत कामाला लागली आहे असे समजावे.

किडीपेक्षा बुरशी घातक का?

कीड दिसते, निवडता येते, चाळता येते. बुरशीचे विष दिसत नाही. अ‍ॅस्परजिलस गटातील काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृतावर आघात करते आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते. भाकरी भाजून किंवा भात शिजवून ते पुरते नष्ट होत नाही. भारतात तृणधान्ये आणि कडधान्यांसाठी त्याची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे चिमटीत धरता येणार नाही इतकी सूक्ष्म.

हा धोका पुस्तकी नाही. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासीबहुल भागांत काविळीसारख्या आजाराची साथ आली. अवेळी पावसात भिजलेला मका घरात तसाच साठवला आणि खाल्ला गेला होता. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. ज्यांच्याकडे ते धान्य टाकून देण्याची ऐपत नव्हती, त्यांनीच ते खाल्ले. साठवणुकीचा प्रश्न हा गरिबीचा प्रश्न आहे तो असा.

बुरशी आलेले धान्य ‘गुरांना घालू’ हा आपल्याकडचा सर्रास उपायही चुकीचा आहे. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेले हे विष काही प्रमाणात दुधात उतरते. म्हणजे एका दाराने बाहेर काढलेले विष दुसऱ्या दाराने घरात परत येते.

जुन्या पद्धती काय शिकवतात?

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण पेव पाहिलेले आता थोडे. पेव म्हणजे धान्य साठवण्याचे जमिनीखालचे तळघर. तोंड अरुंद, पोट मोठे. कोरड्या ज्वारीने पेव भरून तोंड बंद केले की आतला प्राणवायू दाणे आणि किडे मिळून संपवत. प्राणवायू संपला की किडेही संपत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, हा जुना दंडक त्यामुळेच होता. आतल्या कोंदट हवेने माणसे गुदमरत. आज ज्याला ‘हवाबंद साठवण’ म्हणून नवे तंत्रज्ञान म्हटले जाते, त्याचे तत्त्व हेच आहे.

पण पेव चालले ते देशावर, जिथे पाऊस कमी आणि जमिनीतील पाणी खोल. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीसाठी अशी पेवे मोठ्या संख्येने होती. २००५ च्या महापुराने त्यातील बरीच निकामी केली. कोकणात पेव खणले तर त्याची विहीर होईल. म्हणून तिथे वेगळी व्यवस्था उभी राहिली : शेणामातीने लिंपलेली बांबूची कणगी, ती जमिनीपासून उचललेली, शक्यतो चुलीच्या धगीजवळ. आत ठेवायचे ते तांदूळ नव्हे, तर भात. तूस हे दाण्याचे चिलखत आहे. ते काढले की कीड आणि ओलावा दोघांनाही दार उघडे. म्हणून लागेल तसे भात कांडायचे, ही रीत.

उकड्या तांदळाचेही तसेच. भात उकडताना आतली अंडी-अळ्या मरतात, दाण्याच्या बारीक चिरा भरून येतात आणि दाणा टणक होतो. वालात, मुगात राख मिसळणे हेही अडाणीपण नव्हे. राखेचे कण किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडतात, किडा सुकून मरतो. कडधान्याला एरंडेल चोळण्याने अंड्यांची हवा कोंडते.

म्हणून जुने ते सारे सोने, असेही नाही. कडुनिंबाचा पाला नीट वाळवला नाही तर तो धान्यात ओलावाच वाढवतो आणि मोठ्या प्रादुर्भावाला तो पुरा पडत नाही. कणगीला उंदीर लागतो. शेणामातीचा लेप पावसाळी हवेत ओल धरतो. जुन्या पद्धतींतून उचलायचे ते तत्त्व : आधी कोरडे करा, मग हवा तोडा.

हातसडीचा तांदूळ आणि बाजरी लवकर का खराब होतात?

आरोग्याच्या कारणाने अनेक घरांत हातसडीचा तांदूळ आणि भरडधान्ये परतली आहेत. ती साठवताना एक फरक लक्षात ठेवावा. तुसासकट भात आणि पांढरा तांदूळ हे दोन्ही तुलनेने टिकाऊ. मधला हातसडीचा तांदूळ मात्र नाजूक. त्याच्या कोंड्यात तेल असते आणि तूस निघाल्यावर ते खवट होऊ लागते. दमट हवेत तो काही महिन्यांपुरताच घ्यावा. बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडवट होते ते याच कारणाने. वर्षाची साठवण करायची तर अखंड बाजरीची. पीठ लागेल तेवढेच दळावे.

घरातल्या गोळ्या आणि पावडरींचे काय?

इथे स्पष्ट बोलायला हवे. धान्यात ठेवण्यासाठी ‘सल्फास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन फॉस्फिन वायू सोडतात. ३ ग्रॅमची एक गोळी सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन सोडते. या वायूवर उतारा नाही. बंद खोलीत धान्याच्या पिंपाशेजारी झोपलेली मुले सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या देशात पुन:पुन्हा येतात. नियमांनुसार या गोळ्यांचा वापर केवळ सरकारी यंत्रणा आणि कीडनियंत्रण व्यावसायिकांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायचा आहे. तरीही त्या सुट्या मिळतात. राहत्या घरात त्या ठेवू नयेत. एकही नाही, कापडात गुंडाळूनही नाही.

शिवाय अर्धवट वापरामुळे किडी या वायूला सरावतात. भारतातील साठवणुकीच्या किडींमध्ये फॉस्फिनला प्रतिकारशक्ती आल्याचे अनेक दशकांपासून नोंदले गेले आहे. घरोघरी फुकट जाणारी प्रत्येक गोळी मोठ्या गोदामांचे एकमेव हत्यार बोथट करते.

तांदळाला बोरिक पावडर लावण्याची पद्धत मराठी घरांत रुळलेली आहे. बोरिक आम्ल हे अन्नात वापरण्यास परवानगी असलेले परिरक्षक नाही. ‘धुतल्यावर निघून जाते’ हा भरवसा लहान मुलांच्या पोटावर ठेवण्यासारखा नाही. पाऱ्याच्या टिकड्यांबाबतही तेच : पारा विषारी आहे, आणि अन्नाशेजारी त्याला जागा नाही.

मग घरी काय करावे?

- गहू व कडधान्ये कडक उन्हात वाळवावीत. तांदूळ मात्र सावलीत किंवा कोवळ्या उन्हात. कडक उन्हाने तो तडकतो.
- वाळवलेले धान्य पूर्ण थंड झाल्यावरच भरावे. गरम भरले तर झाकणाखाली पाणी धरते.
- ओलावा तपासायला मीठ वापरता येते. काचेच्या कोरड्या बरणीत थोडे कोरडे मीठ आणि धान्य घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य साठवण्याइतके सुकलेले नाही.
- एका मोठ्या पिंपापेक्षा अनेक छोटे, घट्ट झाकणाचे डबे बरे. स्वच्छ, पूर्ण वाळवलेल्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्याही चालतात. काठोकाठ भराव्यात, म्हणजे आत हवा कमी राहते. रोज उघडायचा डबा वेगळा ठेवावा.
- फ्रिज असेल तर थोडे धान्य बंद पिशवीत चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवल्यास अंडी व अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये.
- गोणी जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नये. खाली फळी ठेवावी, भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे.
- कुबट वास, गोळे झालेले किंवा हिरवट-काळे दाणे दिसले तर ते धान्य खाऊ नये आणि गुरांनाही घालू नये.

मोठ्या साठ्यासाठी हवाबंद पिशव्या हा चांगला पर्याय आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी अशी तिहेरी पिशवी विकसित केली. बाहेर साधी विणलेली गोणी, आत जाड प्लास्टिकचे दोन थर. तोंड पिळून बांधले की आतला प्राणवायू घटतो आणि किडींचे खाणे-वाढणे थांबते. औषध नाही, वीज नाही, आणि नीट वापरली तर पिशवी पुढच्या हंगामातही चालते. फक्त एक विसरू नये : हवाबंद पिशवी ओले धान्य सुकवत नाही. ओले धान्य तिच्यात भरले तर ते आत आंबते.

शेतकऱ्याचा यात काय संबंध?

काढणीच्या वेळी भाव पडलेले असतात आणि धान्य ओले असते. कापलेल्या भातात २० टक्क्यांहून जास्त ओलावा असणे नेहमीचे आहे. पूर्वी ऑक्टोबरचे ऊन ते सुकवायचे. आता त्याच दिवसांत पाऊस येतो. सुकवायला जागा नाही, यंत्र नाही, म्हणून शेतकरी ओला माल घेऊन बाजारात जातो आणि ओलाव्याच्या नावाखाली भाव कापला जातो.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने हमीभावाने सोयाबीन खरेदीसाठीची ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. शेतकऱ्याला तात्पुरता दिलासा मिळाला, हे खरे. पण आकडा बदलल्याने दाणा सुकत नाही; ओल फक्त शेतकऱ्याच्या खळ्यातून सरकारी गोदामात जाते.

राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी कर्ज मिळते. कल्पना उत्तम. पण तारण ठेवायचा तर माल कोरडा हवा. सुकवण्याची सोय नसलेल्या गावात ही योजना कागदावरच राहते.

धोरणात काय बदलायला हवे?

काढणीपश्चात नुकसानीबाबत नाबार्डच्या सल्लागार कंपनीने २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात तृणधान्यांचे नुकसान ३.८९ ते ५.९२ टक्के आणि कडधान्यांचे ५.६५ ते ६.७४ टक्के आढळले. टक्का लहान वाटतो. देशाच्या उत्पादनावर तो लाखो टनांत जातो. आणि वजनात न दिसणारी बुरशी, खवटपणा, न उगवणारे बियाणे वेगळेच.

यावर केंद्राने २०२३ मध्ये सहकार क्षेत्रात ७०० लाख टन साठवण क्षमता उभारण्याची योजना मंजूर केली. प्राथमिक पतसंस्थांच्या पातळीवर गोदामे बांधण्याच्या प्रायोगिक टप्प्यात अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाईचाही समावेश झाला. गोदाम गावाजवळ येणे चांगलेच. पण यश ‘किती टन क्षमता’ यावर मोजले गेले, तर आपण ओले धान्य ठेवण्यासाठी नव्या भिंती बांधू.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील केंट ब्रॅडफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दमट प्रदेशांसाठी ‘कोरडी साखळी’ ही कल्पना मांडली. दूध-भाज्यांना जशी शेतापासून घरापर्यंत शीतसाखळी लागते, तशी धान्याला कोरडी साखळी : काढणीनंतर लगेच सुकवा आणि खाईपर्यंत पुन्हा ओले होऊ देऊ नका. शीतसाखळीला अखंड वीज लागते. कोरड्या साखळीला सुकवताना एकदा ऊर्जा लागते. पुढचे काम आवरण करते. आपल्यासारख्या देशाला हीच परवडणारी आहे.

ती उभारायला तीन गोष्टींपासून सुरुवात करता येईल. पहिली, गोदामाच्या आधी सुकवणी : प्रत्येक नव्या सहकारी गोदामासोबत धान्य सुकवण्याचे यंत्र आणि शेतकऱ्याला स्वत: पाहता येईल असा ओलावामापक हवा. दुसरी, पावसाळी जिल्ह्यांत तीन महिन्यांचे धान्य आगाऊ द्यायचे असेल, तर त्यासोबत कार्डामागे एक-दोन हवाबंद पिशव्या द्याव्यात. सरकारी खरेदीच्या निकषात तांदळाचा ओलावा साधारण १४ टक्क्यांपर्यंत चालतो. म्हणजे तो आधीच काठावर असतो. दमट खोलीत तो काठ ओलांडायला फार दिवस लागत नाहीत. तिसरी, विषारी गोळ्यांच्या सुट्या विक्रीवरील नियमांची खरोखर अंमलबजावणी.

यावर दोन आक्षेप येतील. एक तागाचा. १९८७ च्या कायद्यामुळे अन्नधान्य तागाच्या गोणीत भरणे बंधनकारक आहे आणि त्यावर ताग उत्पादक व कामगारांची उपजीविका अवलंबून आहे. तो आक्षेप रास्त आहे. पण तागाची गोणी श्वास घेते, ओलावाही घेते. गोणी काढायची गरज नाही. पावसाळी भागात जाणाऱ्या गोणीत आतून हवाबंद अस्तर देता येईल. दुसरा आक्षेप खर्चाचा आणि प्लास्टिकचा. पिशवी पुन्हा वापरता येते आणि परत गोळा करता येते. वाया गेलेले धान्य पिकवायला लागलेले पाणी, खत आणि घाम परत मिळत नाही.

मोफत धान्य ही राजकीय घोषणा असते, कोरडे धान्य ही कधीच नसते. त्याचे फलक लागत नाहीत. पण ऑगस्टमध्ये पिंपाच्या तळाशी हात घातल्यावर जे हाताला लागते, तेच त्या कुटुंबाला खरोखर मिळालेले धान्य असते. मोजमाप तिथे व्हायला हवे.